फटफटीचा आवाज आणि दोन विषं

मोटरसायकलला मराठीत पडलेलं सगळ्यात झकास नाव म्हणजे 'फटफटी'. इंग्रजांनी नाव ठेवताना मोटर बघितली, सायकल बघितली. आपल्या आजोबा-पणजोबांनी फक्त कान दिला आणि नाव ठेवून मोकळे झाले. आजही गल्लीच्या टोकाला बुलेट वळली की घरात बसल्या बसल्या 'आला बघ' म्हणणारे लोक आहेतच की!

पण आजचा विषय तो छान, डुगडुग आवाज नाही. आजचा विषय नको असलेले आवाज. लांबच्या राईडला निघावं, मागच्या सीटवर सामान बांधलेलं, घाट लागलेला, आणि इंजिनमधून काहीतरी खळखळायला लागावं. किंवा उतारावर ब्रेक दाबल्यावर असा काही किंचाळावा की चहाच्या टपरीवरचे सगळे मान वळवून बघतात. अशा वेळी दोन प्रश्न पडतात. एक, हा आवाज बंद कसा करायचा? दोन, हा आवाज येतोय कुठून? बहुतेकांना पहिलाच प्रश्न आधी पडतो. त्यात गैर काही नाही, पण या दोन प्रश्नांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो न ओळखल्याची किंमत गेल्या शतकात अख्ख्या जगानं मोजली आहे. इंजिनचा एक आवाज आणि ब्रेकचा एक आवाज. दोन्ही बंद करण्यासाठी माणसानं दोन विषं वापरली. आज ती गोष्ट.

आधी इंजिन. चढावर, वरच्या गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण पिळलेला असताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. होतं काय, की स्पार्क प्लगनं ठिणगी टाकली की ज्योत तिथून निघून शिस्तीत पुढे सरकत जायला हवी. पण ज्योत पोचायच्या आधीच लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप एकदम पेट घेतं. त्या धक्क्यानं सिलिंडरमधला वायू घंटेसारखा वाजतो. जुन्या ३५० सीसी बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर. त्या मापाला सूत्र लावलं तर उत्तर साधारण ८ हजार हर्ट्झच्या आसपास येतं. म्हणून तो आवाज जड 'धाड धाड' नसतो, बारीक आणि धातूचा असतो.

१९१०च्या दशकात हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं कॅडिलॅक गाड्यांसाठी सेल्फ स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारं इग्निशन बनवलं. १९१२च्या मॉडेलमध्ये ते आलं, आणि लोक म्हणायला लागले की गाड्या ठोकतात त्या याच्या इग्निशनमुळे. म्हणजे बघा, नवीन मॉड्यूल टाकलं की जुन्या सगळ्या बग्जचं खापर त्याच्यावर. हे तेव्हापासून चालत आलंय! केटरिंगनं हे काम १९१६ साली टीममध्ये आलेल्या थॉमस मिजलीकडे सोपवलं. मिजलीनं सिलिंडरमधल्या दाबाची नोंद घ्यायची सोय केली आणि दाखवून दिलं, की हा दणका ठिणगीच्या आधी नाही, ठिणगीनंतर ज्वलन चालू असताना बसतो. म्हणजे दोष इग्निशनचा नाही, इंधनाचा आहे. इथपर्यंत एकदम आदर्श डिबगिंग. लॉग बघितला, वेळ जुळवली, चुकीचा संशयित सोडून दिला.

मग उपाय शोधायला सुरुवात झाली. त्यांचा एक अंदाज असा, की इंधन लाल रंगवलं तर ते उष्णता जास्त शोषेल आणि नॉकिंग थांबेल. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातलं. आणि नॉकिंग चक्क कमी झालं! मग खरे रंग आणून घातले, तर काहीच फरक नाही. रंगाचा काही संबंधच नव्हता, ती आयोडीनची करामत होती. थिअरी चूक, रिझल्ट बरोबर. त्यानंतर एकामागून एक रसायनं तपासत ते डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राइथाइल लेडपाशी, म्हणजे शिशाच्या एका संयुगापाशी येऊन पोचले. चिमूटभर घातलं की इंजिन गप्प.

आता तुम्ही म्हणाल, शिसं विषारी असतं हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं. शिशाची विषबाधा रोमन काळापासून लोकांना माहीत आहे. मिजलीला स्वतःला १९२३ साली शिशाच्या त्रासामुळे कामातून सुटी घ्यावी लागली होती. दुसरा पर्याय नव्हता का? तोही होता. अल्कोहोल मिसळलं की नॉकिंग कमी होतं हे मिजलीला चांगलं ठाऊक होतं. पण अल्कोहोल भरपूर मिसळावं लागतं आणि ते कोणीही गाळू शकतो. शिशाचं संयुग अगदी थोडं पुरतं आणि त्याच्या वापराचं पेटंट घेता येतं. १९२३च्या फेब्रुवारीत ते विक्रीला आलं. नाव ठेवलं 'इथाइल'. नावात शिसं कुठेच नाही.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले, झटके यायला लागले. पाच जण दगावले, कित्येक जण हॉस्पिटलात. वर्तमानपत्रांनी त्याला 'वेड लावणारा वायू' म्हटलं. मिजलीनं पत्रकारांसमोर त्या रसायनानं हात धुतले आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखवला, का तर ते सुरक्षित आहे हे पटवायला! १९२५ साली सरकारी परिषद झाली. कामगारांच्या आजारांवर आयुष्यभर काम केलेल्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला. विक्री काही काळ थांबली. मग समितीनं सांगितलं की बंदी घालण्यासारखं काही दिसत नाही, पुढे अभ्यास करत राहा. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू.

पुढची चाळीसेक वर्षं इंजिनं गप्प होती आणि शिसं हवेत जात होतं. ते पकडलं कोणी, तर पृथ्वीचं वय मोजणाऱ्या माणसानं. क्लेअर पॅटरसन खडकांतलं शिसं मोजत होता, आणि त्याचे नमुने सारखे बिघडत होते, कारण शिसं सगळीकडेच होतं. लॅबमध्ये, धुळीत, पाण्यात. १९५६ साली त्यानं पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं आणि नंतर, १९६५ पासून, या शिशामागे हात धुऊन लागला. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो हे पुढे नीट सिद्ध झालं. भारतात १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळायला लागलं आणि २००० साली ते देशभर लागू झालं. म्हणजे माझ्या वयाची मंडळी त्याच संधिकालात जन्मली. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ साली. एका खळखळ आवाजाचा हिशोब मिटायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

आता ब्रेक. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. होय, १९०२! तुमच्या बाईकच्या पुढच्या चाकावर दिसते ती कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे. धातूच्या चकतीला दोन्ही बाजूंनी तांब्याच्या अस्तराचे जबडे आवळायचे. चालायचं, पण धातूवर धातू घासला की कान फाटायचे.

त्याच सुमारास इंग्लंडातच हर्बर्ट फ्रूड हा दुसरा गृहस्थ ब्रेकचं अस्तर कशाचं असावं यावर खटपट करत होता. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्यांचे गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट लावतात हे त्यानं पाहिलं होतं. १८९७ मध्ये त्यानं धंदा सुरू केला. फेरोडो हे कंपनीचं नाव म्हणजे फ्रूडच्या नावातल्या अक्षरांची उलटापालट आणि त्यात बायकोच्या एलिझाबेथ नावातला एक 'ई'. आधी तो सुती पट्टा वापरायचा, पण तापला की तो जळायचा. १९०८च्या सुमारास त्यानं ॲस्बेस्टॉस आणलं. जळत नाही, पकड चांगली, आणि धातूवर धातू घासण्याची कर्कश ओरडही नाही. सगळ्यांचे प्रश्न मिटले.

म्हणजे, तसं वाटलं. मार्च १९२४ मध्ये रॉचडेल गावात नेली केरशॉ नावाची एक बाई वारली. वय ३३. ती ॲस्बेस्टॉसचे तंतू कातण्याच्या गिरणीत कामाला होती. डॉ. विल्यम कूक यांनी तिची फुप्फुसं तपासली, त्यात ॲस्बेस्टॉसचे कण सापडले, आणि १९२७ साली या आजाराला 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव मिळालं. भरपाई मात्र मिळाली नाही, कंपनीनं जबाबदारीच नाकारली. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडलं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला.

तारखा परत एकदा बघा. मार्च १९२४ आणि ऑक्टोबर १९२४. एकाच वर्षात दोन्ही विषांनी माणसं मारून इशारा दिला होता. नंतर जे झालं ते अज्ञानामुळे झालं असं म्हणायला जागा नाही.

या दोन गोष्टींत एक फरक आहे, तोही सांगायला हवा. ॲस्बेस्टॉस नुसता आवाजासाठी नव्हता, त्यानं ब्रेक खरोखर चांगले झाले आणि त्यामुळे माणसं वाचलीही. शिशानंही जास्त कॉम्प्रेशनची, जास्त ताकदीची इंजिनं शक्य झाली. त्यामुळे हे सगळे लोक खलनायक होते आणि आपण शहाणे, असं म्हणून सुटता येत नाही. साम्य एवढंच, की आवाज थांबला म्हणून प्रश्न संपला असं सगळ्यांनी धरून चाललं. आपल्या धंद्यात याला रिकामा कॅच ब्लॉक म्हणतात. एक्सेप्शन आलं, पकडलं, आत काहीच लिहिलं नाही. स्क्रीनवर एरर दिसत नाही, रिलीज वेळेवर जातो, मॅनेजर खूश. आणि डेटा आत सडत राहतो.

ब्रेक का किंचाळतो याचं उत्तर ॲस्बेस्टॉस येऊन पन्नास वर्षं झाली तरी नीट मिळालं नव्हतं. १९६१ साली स्पर नावाच्या संशोधकानं दाखवलं, की पॅड ज्या कोनात आणि ज्या बिंदूवर टेकतो त्यामुळे तो डिस्कमध्ये स्वतःला रुतवत जातो, मग सुटतो, पुन्हा रुततो. सेकंदाला हजारो वेळा. फळ्यावर खडू किंचाळतो तशातलाच हा प्रकार. म्हणून आज पॅडच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात आणि पाठीला पातळ पत्र्याची शिम असते. आवाज थांबवायचाच, पण तो कशानं होतो ते कळल्यावर.

आता इतिहासाचा दुसरा धागा. आवाज दाबणाऱ्यांइतकेच आवाज ऐकणारेही जुने आहेत. १८१६ साली पॅरिसमध्ये लॅनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. आपल्या गॅरेजमधला मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावतो, ती तीच विद्या. फक्त डिग्री नाही.

या विद्येचं आपल्याकडचं विद्यापीठ म्हणजे जुनी बुलेट. १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. इंग्लंडातली मूळ कंपनी १९७० पर्यंत संपली, पण इथली बुलेट तेच कास्ट आयर्न इंजिन घेऊन धडधडत राहिली, थेट २००८-०९ च्या सुमाराला नवं यूसीई इंजिन येईपर्यंत. पन्नासेक वर्षं मूळ रचना तीच. त्यामुळे मिस्त्र्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी एकाच इंजिनाचे आवाज ऐकले, आणि ते ज्ञान कुठल्याही मॅन्युअलपेक्षा तोंडी जास्त पसरलं. त्या ज्ञानाचा सांगाडा मला कळला तसा सांगतो, कारण टूरवर तोच कामाला येतो.

पहिला नियम: आवाज मोजा. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. आयडलला ९०० आरपीएम असेल तर एक टॅपेट मिनिटाला ४५० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसात वेळा टकटकेल. चाक त्याहून सावकाश. बुलेटच्या १९ इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण २ मीटर. ताशी ३६ किलोमीटरला चाक सेकंदाला पाच वेळा फिरतं, तेव्हा इंजिन २००० आरपीएमला असेल तर क्रँक ३३ वेळा. सेकंदाला पाच वेळा होणारा 'सर्र… सर्र…' कानाला जवळजवळ मोजता येतो. तो आला की इंजिनकडे बघूच नका. चाक, ब्रेक, स्पोक, बेअरिंग.

दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. इंजिन बंद करून गाडी हातानं ढकला. आवाज राहिला तर तो चाकाचा, ब्रेकचा किंवा चेनचा. गाडी उभी ठेवून रेस दिली आणि आवाज आला तर इंजिनचा. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर डावीकडे, क्लचच्या बाजूला शोधा. युनिट टेस्टिंगच आहे हे!

तिसरा नियम: गरम की थंड, ते बघा. सकाळी स्टार्ट केल्यावर खटखट आणि पाच-दहा मिनिटांनी गायब, तर बहुधा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला आपटतोय. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, फट भरते, आवाज मरतो. जुन्या गाडीत हे चालतं. वरून येणारी बारीक, एकसारखी टकटक म्हणजे टॅपेट. जुन्या बुलेटमध्ये उजव्या बाजूचं झाकण काढून, इंजिन थंड असताना, पुशरॉड बोटानं फिरेल पण वरखाली हलणार नाही इतपत सेट करतात. थोडा वाजणारा टॅपेट त्रास देतो, पण अति आवळलेला टॅपेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही आणि व्हॉल्व्ह जाळतो. शांत टॅपेटचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला जुने मिस्त्री हेच सांगतात, की वाजू दे जरासा. खालून, क्रँककेसमधून, लोड आल्यावर जड ठकठक येत असेल आणि गरम झाल्यावर वाढत असेल, तर तो कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा बेअरिंग असू शकतो. तिथे थांबायचं. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असलं काही नाही. गाडी टेम्पोत घालायची.

आणि चढावरचा तो खडे हलवल्याचा आवाज? आधी गिअर खाली टाका. थांबला तर इंजिनवर उगाच बोजा पडत होता. तरीही येत असेल तर टायमिंग, आत साठलेला कार्बन, चुकीचा प्लग, किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरून पातळ झालेलं मिश्रण, या क्रमानं बघा. सतत नॉकिंग चालू ठेवलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

ब्रेकचं थोडक्यात. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळचा खरखराट दोन-चार ब्रेकमध्ये गेला तर तो गंज होता, सोडून द्या. ओली धूळ बसली, पॅड घासून गुळगुळीत चकचकीत झाले की किंचाळतात. ते साफ करून, कडा हलक्या घासून बघता येतं. पण लोखंडावर लोखंड घासल्याची जड खरखर म्हणजे अस्तर संपलं, आता डिस्क खाल्ली जातेय. लिव्हर बोटाखाली उड्या मारत असेल तर डिस्क कुठेतरी जाड-पातळ झालीय. डिस्कवर किंवा लायनरवर ऑइल-ग्रीस लावून आवाज बंद करणारे महाभाग पाहिले आहेत. आवाज नक्की बंद होतो. ब्रेकसकट! आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका, मिस्त्रीलाही उडवू देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसा. अस्तर कशाचं आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि नेली केरशॉची गोष्ट आत्ताच वाचलीत.

नव्या गाड्यांत हे आवाज कमी झालेत. यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले, ते स्वतःच फट भरून काढतात. २०२०च्या मीटिऑरपासून आलेल्या इंजिनात कॅम वर गेला, लांब पुशरॉडच राहिले नाहीत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हरला बसणारे ते छोटे धक्के आता बिघाड नसून काम चालू असल्याची खूण आहेत. आवाजाचा अर्थही काळाप्रमाणे बदलतो तो असा.

आणि सगळ्यात गंमत पेट्रोलची. शंभर वर्षांपूर्वी पेटंट घेता येत नाही म्हणून जे अल्कोहोल मागे पडलं, तेच इथेनॉल २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचलं, त्यातलं काही आपल्याच महाराष्ट्रातल्या उसाचं. नॉकिंग रोखायला ते खरंच चांगलं आहे. पण त्यात ऊर्जा कमी असते, आणि जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मिश्रण पातळ होतं, जुने रबरी भाग कुरकुरतात. म्हणजे एक आवाज थांबवताना दुसरे काही सुरू होतात का, हे ऐकत राहणं आलंच. १९२४ साली नेमकं तेच राहून गेलं होतं.

तेव्हा पुढच्या राईडआधी एक करा. इअरफोन काढा, मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटं गाडी नुसती ऐका. ठीक असतानाचा आवाज कानात बसला असेल, तरच बिघडल्याचा कळतो.